सेंट यूर्गेनच्या दाराची भट्टी

वोल्डेनहागनमध्ये देव मानणारे किती आणि न मानणारे किती, यावर कधी एकमत झालं नाही. टिने आल्ग्रिमच्या धुरी दिलेल्या वाम माशावर मात्र सगळ्या गावाचं एकमत होतं. ती वाम सोनेरी, नखाने सोलली तर कातडी मोज्यासारखी निघायची, आणि जिभेवर ठेवली की नास्तिकाच्या तोंडूनही "देवा रे" निघायचं. टिने म्हणायची, देवाचं नाव गावात सगळ्यांत जास्त वेळा माझ्याच अंगणात घेतलं जातं, आणि त्याबद्दल पाळक मला एक पै देत नाही.

बाई बुटकी, पसरट, जिभेची तिखट. चर्चमध्ये ती प्रार्थनेला कधी गेली नाही. कुणी टोकलं तर उत्तर तयार: "मला कशाला जायला पाहिजे? त्याचं दार मी रोज माझ्याच अंगणात उघडते."

हे शब्दशः खरं होतं, आणि तिथेच सगळी भानगड होती.

सेंट यूर्गेनचं चर्च गावाच्या मानाने फारच मोठं. आजोबांचा कोट नातवाला चढवावा, तसं ते गावाला होतं. बाल्टिकच्या या किनाऱ्यावर दगड मिळतो तो बुटात शिरून टोचेल एवढाच. चिकणमाती मात्र हवी तितकी. शिवाय सहाशे-सव्वासहाशे वर्षांपूर्वी इथले हेरिंग माशाचे व्यापारी पैशाने माजले होते. खाडीपलीकडच्या ड्रेवेलिनवाल्यांनी मनोरा उभा केला, म्हणून यांनी दोन काढले. माती भाजून भाजून दगडासारखी केली आणि वीट वीट चढवत आभाळात गेले. बिशपने म्हणे निरोप धाडला होता, की एवढं मोठं कशाला, देव कुठेही मावतो. व्यापाऱ्यांनी कळवलं, देव मावतो, आम्ही मावत नाही. पुढे एक मनोरा वादळात बसला, दुसऱ्यावर वीज पडली. उरला तो एकाचा बुंधा, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांनी नाइलाजाने ठेवलेली तांब्याची बुटकी टोपी. ड्रेवेलिनवाले अजूनही त्या टोपीकडे बोट दाखवून हसतात. आतलं छत इतकं उंच, की प्रवचन वर जाऊन गारठून खाली येईस्तोवर लोक घरी सूप पीत बसलेले असायचे.

पण पश्चिमेचं दार बघावं. एकात एक बसवलेल्या टोकदार कमानी, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या आत आत लहान होत गेलेल्या. त्यांच्या विटा साध्या नव्हत्या. एकेक साच्यातून काढलेली, कुठली अर्धगोल, कुठली पेरासारखी पोटाळ, आणि सगळ्यांवर काळपट हिरवी काचेसारखी झिलई. ऊन पडलं की दार ओलं आहे असं वाटायचं.

हे टिनेच्या लहानपणीचं. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत छप्पर जळलं, आणि पुढे एका हिवाळ्यात वारा असा सुटला की पश्चिमेची सगळी दर्शनी भिंत दारासकट चौकात येऊन पालथी पडली. तेव्हा वर बसलेल्या कम्युनिस्टांना देवाचं फारसं अगत्य नव्हतं. त्यांनी ठरवलं, की या विटा भरडून बंदराच्या रस्त्याखाली घालायच्या. यंत्र यायला वेळ होता, आणि वोल्डेनहागनचे लोक काही झोपलेले नव्हते.

त्या काळात दुकानात सिमेंट नाही, विटा नाहीत, खिळा मागितला तर दुकानदार हसायचा. चौकात मात्र विटांचा डोंगर. मग काय! ज्याने त्याने ढीग फोडला. डुकरांची खुराडी चर्चच्या विटांची, बदकांची घरं चर्चच्या विटांची, मोटार नसलेल्यांची गॅरेजंसुद्धा चर्चच्या विटांची. एका बहाद्दराने तर परसातल्या संडासाला टोकदार कमान काढली होती. तिथे बसलं की माणूस आपोआप गंभीर व्हायचा.

टिने तेव्हा नुकती आई झालेली. ती बाबागाडी घेऊन निघायची: वर पोर, खाली विटा. चौकाच्या कोपऱ्यावर एक हवालदार उभा असायचा. गाडी फुटपाथच्या कडेला अडली, तर तोच पुढे होऊन उचलून द्यायचा. एकदा त्याने कण्हत विचारलं, की बाई, पोरीला घालता तरी काय? टिने म्हणाली, वाम. तेव्हापासून तो हवालदारही तिच्याकडे वाम घ्यायला येऊ लागला.

पण तिला विटा मिळाल्या त्या दाराच्या. चौकोनी, धड विटा धटिंगणांनी आधीच पळवल्या होत्या. या पोटाळ, झिलईच्या विटांना कोणी विचारत नव्हतं. चुना धरत नाहीत, सरळ भिंत होत नाही. टिनेने एक उचलली, हुंगली, ओला हात फिरवला आणि ताडलं: हिच्यात ओल शिरणार नाही, धूर हिला चिकटून बसणार नाही, फिरेल. वारसा, कला, मध्ययुग वगैरे तिच्या डोक्यात नव्हतं. तिच्या डोक्यात वाम होती.

भट्टी बांधली तिच्या नवऱ्याने, ओटोने. ओटो बंदरावर क्रेन चालवायचा. स्वभावाने गोड, कामाला जड. त्याला चौकोनी पेटीसारखी भट्टी बांधायची होती. विटा तयार होईनात. अशी लाव तर घसरते, तशी लाव तर फट. शेवटी कंटाळून त्याने त्या आपल्याआप जशा एकमेकींच्या कुशीत बसतात तशा बसू दिल्या, आणि बसता बसता पुन्हा दारच उभं राहिलं. दोन्ही बाजूंच्या खांबोळ्या, वर टोकदार कमान, सगळं तेच, फक्त माणसाच्या उंचीचं. ओटो ते बघून तीन पावलं मागे सरकला आणि त्याने टोपी काढली, असं टिने सांगायची. तो म्हणायचा, डोकं खाजवायला काढली. बांधताना त्याने जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या प्रार्थना मूळच्या दाराने ऐकल्या नसतील.

भट्टी मात्र लागली ती लागली. मिठाच्या पाण्यातून काढलेल्या वामी सळ्यांना टांगायच्या, आधी बीचच्या लाकडाची चढी आच, चिरलेल्या पोटाच्या पाकळ्या उलगडल्या की आच मोडायची, आणि मग आल्डर झाडाचा ओलसर भुसा टाकून दार ओढून घ्यायचं. बाकी भट्टी बघून घ्यायची. शुक्रवारी अंगणाबाहेर रांग लागे. त्या रांगेत पक्षाचा सचिव आणि तेव्हाचे म्हातारे पाळक एकामागे एक उभे असत. आठवडाभर एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन माणसं तिथे मात्र हवापाण्याच्या गप्पा मारीत, कारण नंबर सोडायची दोघांचीही तयारी नसे.

ओटो गेला तोही त्याच अंगणात, खुर्चीत बसल्या बसल्या, भट्टीकडे तोंड करून. टिने म्हणे आधी सळ्यांवरच्या वामी काढून आली आणि मग रडली. शेजारणीने, गेर्दा क्रुलने, ही गोष्ट गावभर केली. टिनेने नाकारली नाही. "वाम थांबत नाही," ती म्हणाली. "ओटोला घाई नव्हती."

मग बर्लिनची भिंत पडली, सीमा उघडली, आणि वोल्डेनहागनला पश्चिमेकडून दोन वस्तू आल्या: चर्च बांधायला पैसा आणि एक नवा पाळक.

पाळकाचं नाव हार्म ओल्टमान्स. उंच, काटकुळा, सायकलवरून फिरणारा, बोलताना समोरच्याचं पुरतं ऐकून घेणारा. म्हणजे गावाला अगदी नवा प्रकार. पहिल्याच शुक्रवारी टिनेने रांगेतून बाजूला घेऊन त्याला सगळ्यांत जाड वाम कागदात बांधून दिली. या गावात कुठलाही प्रश्न असाच सुटत असे. परवाना असो, कौलं असोत, पोराला बंदरावर चिकटवणं असो. पाळकाने आभार मानले आणि सांगितलं, की मी मांस-मासे खात नाही.

टिनेने त्याला नीट बघितलं. आजारी दिसत नव्हता.

गेर्दा कुंपणापलीकडून ऐकत होतीच. "अगं टिने," ती संध्याकाळी म्हणाली, "येशूने पाच हजारांना मासे वाटले, आणि हा काय डाळ वाटणार?"

डाळ खाणारा असला तरी पाळक खटपट्या निघाला. त्याने जाहीर केलं, की अमुक रविवारी विटांची घरवापसी होईल. ज्याच्याकडे चर्चची वीट असेल त्याने आणून द्यावी, कोणी काही विचारणार नाही. पहिले काही दिवस गावात एकाकडेही वीट नव्हती. वीट म्हणजे काय असतं, हेच लोक विसरले होते. मग गेर्दा क्रुलने कुत्र्याचं घर मोडलं, त्याच्या विटा ढकलगाडीत रचल्या, गाडीला फीत बांधली, वर बेघर झालेल्या कुत्र्याला बसवलं आणि भर चौकातून वाजतगाजत निघाली. झालं! गेर्दा कुत्र्याचं घर देते, तर आम्ही काय डुकराचंही देऊ नये? चढाओढ लागली. खुराडी पडली, गॅरेजं पडली, तो धार्मिक संडासही पडला. डुकरं आठवडाभर गावात मोकळी फिरत होती.

विटा मोजायला जिल्ह्याहून स्मारक कार्यालयाच्या डॉक्टर झीबेनहार आल्या. डॉक्टर म्हणजे औषधाच्या नव्हे, विटांच्या. हुशार बाई, गुडघ्यावर बसून वीट वीट बघायच्या. त्यांनी ढिगाला दोन फेऱ्या मारल्या आणि पाळकाला हळूच सांगितलं, की तुमच्या चर्चला मुळात जेवढ्या होत्या त्याहून जास्त विटा परत आल्या आहेत. तेवढ्यात ड्रेवेलिनहून तक्रार आलीच: त्यांच्या जुन्या मठाच्या कोठाराची एक आख्खी भिंत रातोरात नाहीशी झाली होती. वोल्डेनहागनचे लोक असे. द्यायचं मनात नसतं तेव्हा चिंधी सुटत नाही, आणि द्यायला लागले की दुसऱ्याचंही देऊन टाकतात.

एवढं करून दाराची वीट मात्र एकही नव्हती.

दुपारी डॉक्टरबाई भुकेल्या, आणि कुणीतरी त्यांना टिनेकडे पाठवलं. रांगेत उभं राहून त्यांनी वाम घेतली, वळल्या आणि भट्टी त्यांच्या नजरेस पडली. हातातला कागद सुटला. त्यात वाम होती. पुढचं गेर्दाच्या कुत्र्याने सांभाळलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं, की सेंट यूर्गेनचं दार आल्ग्रिमबाईच्या अंगणात आहे. खरं तर गावाला हे कधीचं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कळणं वेगळं.

पाळक सायकल कुंपणाला टेकवून आत आला. टिने सळ्या घासत होती. त्याने अदबीने, आडवळण न घेता मागणी केली. सगळ्या विटा लागतील असंही नाही म्हणाला; जेवढ्या धड निघतील तेवढ्या.

"नव्या भाजता येत नाहीत?" टिनेने विचारलं.

"येतात. भट्टीवाले साचे करून देतात, हुबेहूब."

"मग त्या तुमच्या दाराला लावा. देव काही दार चाटून बघत नाही. माझं गिऱ्हाईक बघतं."

पाळकाला हसू आलं. ते त्याने गिळलं. "टिनेकाकू, त्या विटा तुमच्या नाहीत."

"तुमच्या तरी कुठे आहेत? तुम्ही परवा आलात. मी त्या माझ्या पोरीच्या बुडाखालून आणल्यात."

पाळक सायकल घेऊन निघाला, पण त्याने नाद सोडला नाही. तो रोज येऊ लागला. रोज तेच बोलणं, रोज तेच उत्तर, आणि परत जाताना हात रिकामे. वाम न खाणाऱ्याशी भांडायचं तरी कसं, हे टिनेला कळेना. दुसरा कोणी असता तर चौथ्या दिवशी पाघळला असता. गावात मात्र कुजबूज सुरू झाली, की पाळकाचं विधवेच्या अंगणात फारच येणं-जाणं आहे. गेर्दाने वयाचा फरकही मोजून सांगितला.

शेवटी प्रकरण मंडळीच्या सभेत गेलं. वोल्डेनहागनला याची जुनी रीत आहे, हेरिंगच्या व्यापाऱ्यांपासूनची. जस्ताच्या उंच सुरईत हात घालून प्रत्येकाने एक दाणा टाकायचा. पांढरा घेवडा म्हणजे होकार, तपकिरी म्हणजे नकार. बाही लांब, सुरई खोल, कोणाची मूठ कशावर उघडली हे खुद्द देवालाच ठाऊक. प्रश्न असा ठेवला: दाराच्या विटा चर्चला परत मागायच्या की नाही? नाही म्हटलं तर दाराला नव्या लागणार, जुन्या अंगणात राहणार.

चर्चच्या छप्पर असलेल्या एकुलत्या एका बाजूच्या दालनात सगळे जमले. टिने मागे, खांबाला टेकून, हाताची घडी घालून. भाषणं झाली, आणि काय भाषणं! पूर्वजांचा घाम, पिढ्यांचा ठेवा, दगडासारखी श्रद्धा. गेर्दा क्रुल तर रुमाल घेऊन उभी राहिली. म्हणाली, माझा कुत्रा आज उघड्यावर झोपतो, पण मनाला समाधान आहे. एकजणही टिनेच्या बाजूने बोलला नाही. टिनेने मनातल्या मनात भट्टीला निरोप दिला असावा. तिचा चेहरा उतरलेला पाहिला, असं दोघं-तिघं पुढे सांगत.

दाणे टाकून झाले. पाळकाने सुरई टेबलावर पालथी केली.

तपकिरी ढीग. त्यात एकच पांढरा दाणा.

प्रत्येकाने हाच हिशेब केला होता, की बाकीचे सगळे चर्चच्या बाजूने टाकणारच, मग आपला एक दाणा वामीच्या बाजूने पडला तर कुठे बिघडलं? आता जो तो जमिनीकडे बघत होता आणि शेजाऱ्याच्या नीचपणाने हादरला होता. पाळकाने दाण्यांवरून हात फिरवला.

"चला," तो म्हणाला, "माझ्या रात्रीच्या जेवणाची तरी सोय झाली."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो एक पांढरा दाणा आपलाच होता असं सांगणारे चाळीस लोक गावात झाले होते. गेर्दाही त्यांत होती. टिने कुंपणाशी गेली.

"गेर्दा, कुठला टाकलास गं?"

"पांढरा. तुझ्या गळ्याशपथ."

"बरं झालं. मग बिचाऱ्या पाळकाने काय टाकलं, तपकिरी?"

गेर्दा कुत्र्याला हाका मारत आत गेली.

टिने जिंकली, आणि जिंकल्याचं सुख तिला एका आठवड्यापुरतंच मिळालं. मग डॉक्टर झीबेनहार आल्या. आधी रांगेत उभं राहून त्यांनी दोन वामी घेतल्या, पैसे दिले, कागद पिशवीत नीट ठेवला आणि मग ओठ चावत पिशवीतून निळ्या-पांढऱ्या रंगाची एक इनॅमलची पाटी काढली. सेंट यूर्गेनच्या दाराचा एवढाच अवशेष जगात उरला होता. तो चर्चात असो की अंगणात, कायद्याने तो संरक्षित स्मारक. पाटी लावावी लागणार. आणि संरक्षित स्मारकात जाळ करता येत नाही.

"म्हणजे भट्टी माझी, पण पेटवायची नाही?"

"बघायला लोक येतील," डॉक्टरबाई केविलवाण्या आवाजात म्हणाल्या.

लोक खरंच आले. बसमधून उतरायचे, अंगणात शिरायचे, गार भट्टीसमोर माना वाकड्या करून उभे राहायचे आणि "कसा वास येतो ना" म्हणत निघून जायचे. शुक्रवारी वाम नाही. रांग लावायची सवय लागलेली म्हातारी माणसं तरीही येऊन उभी राहायची, थोडा वेळ बोलायची आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परतायची. टिने ओटोच्या खुर्चीत बसून असायची. महिनाभरात बाई वाळली. काम नसलं की तिचं काय होतं हे कोणी पूर्वी पाहिलंच नव्हतं.

एका सकाळी तिने पाळकाला बोलावणं धाडलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "मला अंगणात चर्च नको. मी काही जोगीण नव्हे."

अटी मात्र तिच्या. एक: दारासाठी ज्या नव्या विटा भाजणार होते त्यांतल्या भट्टीपुरत्या तिच्या अंगणात यायच्या, आणि त्या जुन्यांसारख्याच रचायच्या. दोन: जुन्या विटा ती स्वतः उतरवणार, कोणी हात लावायचा नाही. तीन: आतली काजळी तिची. डॉक्टरबाईंनी तिन्ही मान्य केल्या. काजळीबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नव्हतं.

टिनेने एकेक वीट सोडवली. प्रत्येकीची आतली बाजू खरवडून काजळी बादल्यांत भरली आणि ती नव्या चुन्यात कालवायला लावली. गवंडी म्हणाला, याने काही होत नाही. टिने म्हणाली, तुझ्या आईनेही दुधाला विरजण असंच लावलं असेल, ढवळ. जुन्या विटा मात्र डॉक्टरबाईंना धड धुता येईनात. जिथे झिलई नव्हती तिथून इतक्या वर्षांची चरबी अंगठाभर आत मुरली होती. कशाने घासलं तरी वीट आणखीच चमके. शेवटी त्यांनी तशाच लावल्या.

नवी भट्टी उभी राहिली, वाळली, आणि पहिल्या शुक्रवारी पेटली. रांग कोपऱ्यापलीकडे गेली. लोकांनी तिथल्या तिथे कागद सोडून वाम तोंडात घातली, डोळे मिटले. "अगदी तशीच!" "कांकणभर सरसच!" गेर्दाने तर दोन्ही हात छातीवर ठेवले.

टिने प्रत्येकाचं तोंड बघत होती. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तिने कोणाला सांगितली नव्हती. तिला स्वतःला चव कळत नव्हती. धुरात सगळं आयुष्य गेल्यावर जिभेला धूर लागत नाही, जसा कोळ्याला माशाचा वास येत नाही. चव बघायचा तो ओटो. पहिला तुकडा त्याचा. तो एक तर म्हणायचा "चालेल", नाहीतर म्हणायचा "कुत्र्याला घाल", आणि त्याचं कधी चुकलं नाही. तो गेल्यावर काम भट्टीच्या सवयीवर चाललं होतं. आता भट्टीही नवी, सवय नाही, ओटो नाही. आणि समोर उभे होते ते लोक, ज्यांनी रुमाल डोळ्यांना लावून तपकिरी दाणे टाकले होते.

तिने एक वाम कागदात गुंडाळली आणि पाळकाच्या घरी गेली. तो डाळीचं सूप ढवळत होता.

"खा," ती म्हणाली.

"टिनेकाकू, तुम्हाला ठाऊक आहे, मी..."

"ठाऊक आहे. म्हणूनच आले. या गावात सगळे खोटं बोलतात, मीसुद्धा. त्या दिवशी सुरईत तुम्ही एकट्याने मनातलं टाकलंत. खा, आणि कशी आहे ते सांगा."

पाळकाने सूप खाली उतरवलं. मग त्याने डोळे मिटले. प्रार्थना केली असेल, स्वतःसाठी की वामीसाठी ते कळलं नाही. एक तुकडा तोडला, तोंडात घातला, चावला, गिळला.

"कडू आहे," तो म्हणाला. "आणि मागून ओल्या गोणपाटासारखं काहीतरी लागतं. माफ करा."

टिने खुर्ची ओढून बसली. तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तरतरी आली होती.

"ओलं गोणपाट," ती म्हणाली. "म्हणजे चिमणी ओढत नाही."

त्याच दुपारी ती चिमणीवर चढली. पुढच्या शुक्रवारी पाळकाने सांगितलं, गोणपाट गेलं, कडूपणा आहे. तिने लाकूड बदललं. मग मीठ जास्त. मग आच घाईची. मग पुन्हा गोणपाट, कारण पाऊस लागून भुसा भिजला होता. हिवाळा गेला, वसंत आला. लोक वाम नेत होते, नावाजत होते. टिने त्यांचे पैसे घेत होती आणि त्यांच्या एका शब्दावर विश्वास ठेवत नव्हती. पाळक दर शुक्रवारी रांग लागायच्या आधी मागच्या फाटकाने येई, खुर्चीत बसे, एक तुकडा खाई आणि खरं ते सांगे. वर्षभरात त्याच्याइतकी वाम गावात दुसऱ्या कोणी खाल्ली नसेल. तरी कोणी विचारलं तर तो म्हणायचा, मी शाकाहारीच आहे. ही माझी नोकरी आहे.

उन्हाळ्यात दाराचा सोहळा झाला. खुद्द बिशप आले. पश्चिमेचं दार, दुपारचं ऊन, आणि प्रवचन लांबलेलं. विटा तापल्या. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग बंदरावरची मांजरं एकेक करून आली आणि पायरीवर ओळीने बसली. पाठोपाठ तो वास. पोटाळ, झिलईच्या, सहाशे वर्षांच्या विटांना घाम फुटला होता आणि सगळं दार ताज्या वामीसारखं दरवळत होतं. बिशपांनी दोनदा आवंढा गिळला, तिसऱ्या वेळी वाक्य अर्धवट सोडलं आणि आशीर्वाद देऊन मोकळे झाले. जेवण कुठे आहे, हे त्यांनी पाळकाला पायऱ्या उतरतानाच विचारलं. त्या उन्हाळ्यापासून सेंट यूर्गेनला रविवारची गर्दी वाढली. पाळकाने कारण शोधायचा प्रयत्न केला नाही.

भट्टी मात्र अजून लागत नव्हती. टिनेने तो सोहळा पाहिलाही नाही. त्या दिवशी ती भट्टीचं खालचं दार दोन बोटं अरुंद करत होती.

पानगळीत एका शुक्रवारी पाळक आला तेव्हा धुकं होतं. टिनेने पहिली वाम उतरवली, सोलली, बशीत ठेवली आणि हात पुसत समोर उभी राहिली. बाहेर रांगेतल्या लोकांचं खोकणं ऐकू येत होतं. पाळकाने तुकडा तोंडात घातला. टिने त्याच्या जबड्याकडे बघत होती. त्याने गिळला.

कपाळाला आठी नाही, "पण" नाही, "मागून" नाही. त्याचा हात आपसूक बशीकडे गेला आणि त्याने दुसरा तुकडा उचलला.

टिनेने त्याच्या बोटांतून तुकडा काढून घेतला, बशी उचलली.

"पुरे," ती म्हणाली. "ही विकायची आहे."

आणि ती फाटक उघडायला गेली.